सायबिणीचे एकशे दहा ब्रेक

माझा राग नाकावर असतो म्हणत्यात, ते साफ खोटं हाय. माझा राग उजव्या पायात असतो. कुणी उलटं बोललं की म्या पाय आपटलाच. आन् त्या पायानंच माझा घात केला.

मी मच्छिंद्र, न्हावऱ्याचा. कांदा, ऊस, चार गाई आन् सायबीण. सायबीण म्हंजी माझी गाडी. अकरा वर्षांमागं पुण्याच्या एका डाक्टरकडनं जुनी घेतली. परदेशी, लांबलचक, आत बसलं की बाहेर बोंब मारली तरी ऐकू येत न्हाई. बायको सिंधू तवा म्हणाली, "ह्यात खताची गोणी बसंल का?" गोणी बसली न्हाई, पण नवरी बसली. एका पावण्याच्या पोरीला सजवून दिली, आन् मग पंचक्रोशीत चालच पडली. सायबिणीबिगर वरात न्हाई. चालवायला मीच. चावी म्या कुणाच्या बापाला दिली न्हाई.

आता आमच्यात रीत अशी, की बाप लेकीबरोबर सासरी जात न्हाई. पाठराखीण जाती. बाप गावच्या शिवेवर नारळ फोडायचा, लेकीनं पाया पडायचं, की बाप मागं फिरला. पण डायवर जातोय की! डायवरला कसली आलीय रीत? म्या लई वर्सांपासनं मनाशी धरलं व्हतं. माझी प्रांजल सासरी जाईल तवा डायवर मी. पार तिच्या दारापतूर जाईन, उंबऱ्यावरचं माप वलांडताना बघीन, मग येईन. पोर दहावीला असताना तिनंच इचारलं व्हतं, "दादा, तुम्ही न्हाई का येणार माझ्याबरोबर?" म्या म्हणलं, "बाप म्हणून न्हाई, पण डायवर म्हणून यीन." ह्ये दोघांतच व्हतं. सिंधूलाबी ठावं न्हवतं.

प्रांजलचं दौंडच्या इंद्रजीतबरोबर जमलं. लग्न न्हावऱ्यातच, माझ्या दारात. आन् नेमकं आदल्या दिवशी सायबिणीच्या काचेवर पिवळी अक्षरं आली. ब्रेकचं काहीतरी म्हणत व्हती. तसाच शिक्रापूरला दत्ताच्या गॅरेजात गेलो. दत्तानं लॅपटॉप जोडला, आन् माझ्याकडं अशा नजरंनं बघितलं, जसा काय मीच आजारी हाय.

"आप्पा, ह्या गाडीचा ब्रेक वायरवर हाय. तुम्ही पाय दाबता, पण ब्रेक लावतोय बॉनेटमधला डबा. आन् कंपनीनं डब्याला आयुष्य लिहून दिलंय. तीन लाख ब्रेक."

"मंग?"

"गाडी मोजती, आप्पा. पयल्या दिसापासनं. तुमचे एकशे दहा राह्यलेत."

मी हसलो. दत्ता हसला न्हाई.

"पण येवढे ब्रेक मारले कुठं? डाक्टर बिचारा असा कितीसा हिंडला आसंल?"

तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. वरात! म्होरं पोरं नाचत्यात, गाडी दोन पावलं सरकती आन् ब्रेक. परत दोन पावलं, परत ब्रेक. मारुतीच्या देवळापतूर जायला तीन तास. अकरा वर्सं दुसऱ्याच्या पोरी नांदायला धाडता धाडता मी आपल्या पोरीचे ब्रेक खर्चून बसलो व्हतो.

"नवा डबा टाक."

"आठ दिवस लागतील. तवर जपून. गाडी जाग्यावर उभी असली तरी दाबला की एक गेला. दाबून धरला तर तासभर धरा, एकच. पण शेवटचा सोडला की लाल अक्षरं येतील. मग हिला चालवायचं न्हाई. दोरी बांधून माझ्याकडं आणायची."

शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची हीऽऽ गर्दी. चौक वलांडून घरी येईतवर अठ्ठावन्न गेले. राह्यले बावन्न. रातच्याला घरात सगळ्यांला ह्यो हिशेब सांगितला.

लग्नाच्या सकाळी मी गाडीतच बसून व्हतो. सिंधू आली. "अवं, व्याह्यांची नवी गाडी हाय, तिच्यातनं जाऊ द्या पोरीला. ह्या म्हातारीचा हट्ट कशाला?"

"जमणार न्हाई!" म्या पाय आपटला. पायाखाली काय व्हतं ते तुमी जाणलंच आसंल.

प्रांजल अंगाला हळद लावून मागच्या शिटावर येऊन बसली, हातात वही-पेन. "दादा, एक्कावन्न. आता मी मोजणार. तुम्हाला मोजता येतंय, पण गप बसता येत न्हाई."

"मी कवा गप बसलो न्हाई?" परत पाय.

"पन्नास."

तेवढ्यात माझा मेव्हणा सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन आला. लई डोकेबाज माणूस. त्याच्या डोक्यानं आमचं दोनदा नुकसान झालंय. म्हणाला, "दाजी, सोप्पं हाय. साखळीनं ट्रॅक्टर तुमच्या मागं बांधायचा. तुम्ही नुसतं स्टेरिंग धरा, ब्रेक मी मारतो. एक हॉर्न दिला की मी थांबीवलंच समजा. असंच सावकाश दौंड गाठू." दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं. पण मला दौंडला जायचं व्हतं. म्या म्हणलं, बांध.

दुपारी अक्षता पडल्या. चारला वरात निघाली. म्होरं बँजो, मधी फुलांनी मढवलेली सायबीण, आत नवरा-नवरी, मागं साखळीला ट्रॅक्टर. बँजोवाला पण बघत राह्यला. इंद्रजीतचे वडील बापूसाहेब खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "व्याही, ट्रॅक्टर कशाला? आपण तर काय मागितलं न्हवतं."

"आंदण न्हाई, ब्रेक हाय त्यो!" मी वरडलो आन् पाय आपटला.

"सत्तेचाळीस," मागनं आवाज आला.

सर्जेरावाच्या डोक्यात एक गोष्ट आली न्हवती. वरातीत हॉर्न वाजवणारा मी येकटाच न्हवतो. मागं चाळीस मोटारसायकली. कुणी पों केलं की सर्जेराव ब्रेक मारायचा. साखळी खाडकन ताणायची, सायबीण जागच्या जागी गचका खायची. इंद्रजीतचा फेटा तीनदा डॅशबोर्डवर आला. पोरगं गुणाचं, दर बारीला "काय हरकत न्हाई, मामा" म्हणून परत डोक्यावर ठेवायचं. मी मातुर खवळायचो. सर्जेरावाला शिवी, आन् शिवीबरोबर पाय. "एकेचाळीस." "अडतीस." "दादा, शिवी द्या, पण पाय वर घेऊन द्या."

घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण हाय. बापूसाहेबांनी खरंच घोडं आणलं व्हतं, नाचायचं. ते सायबिणीच्या म्होरं मागच्या दोन पायांवर उभं राह्यलं, आन् काय केल्या खाली यीना. मी हॉर्न दिला, तर हॉर्नाच्या तालावर त्ये आणखीच नाचाया लागलं. तिथं पाय आपटून आपटून एकवीस गेले.

शेवटी सर्जेराव वैतागला. त्यानं ठरवलं, आता हॉर्न ऐकायचाच न्हाई. ह्ये त्यानं मला सांगितलं न्हाई.

देऊळ मागं टाकलं, नाचणारी पोरं पांगली, सायबीण शिवेकडं निघाली. "दादा, एक राह्यला," प्रांजल म्हणाली. आवाज बारीक झाला व्हता तिचा.

"असू दे. एकबी लागायचा न्हाई. मागं मामा हाय तुझा." माझा जीव भांड्यात पडला व्हता. दौंडचा रस्ता म्होरं सरळ पडलेला. आता फकस्त शिवेवर नारळ, की निघालो लेकीसंगट.

शिवेवर उतार हाय. खाली रस्त्याच्या मधोमध सिंधू उभी, हातात नारळ, डोळ्याला पदर. म्या हॉर्न दिला. ट्रॅक्टर थांबंना. परत दिला. सर्जेराव आपला ऐटीत, साखळी ढिली सोडून मागं मागं येत राह्यला. सिंधूला डोळ्यातल्या पाण्यानं काय दिसंना. धा हात राह्यले, पाच राह्यले, आन् म्या दाबला.

सायबीण सिंधूच्या पदराला टेकून थांबली.

मी पाय तसाच दाबून धरला. दाबून धरला तर एकच, दत्ता म्हणला व्हता. सुटला की मी डायवर न्हाई. मग मी नुसता बाप, आन् बापाला हितनं मागं फिरायचं.

सर्जेराव पळत आला. चाकाखाली धोंडे लावले. "दाजी, झालं, सोडा आता."

"न्हाई सोडत."

सिंधू म्हणाली, "अवं, येड लागलं का? पाय उचला."

"न्हाई उचलत!" आपटाया दुसरा पाय व्हता, त्यो आपटला.

बापूसाहेबांनी घड्याळ बघितलं. घोडंसुदिक गप उभं राह्यलं. धा मिनटं, पंधरा मिनटं. मांडी थरथराया लागली. पाय माझा व्हता का गाडीचा, कळंना. डोळ्यातनं पाणी निघालं, आन् म्या सगळ्यांदेखत बोलून टाकलं, "मला हिच्यासंगट जायचं व्हतं. हिच्या दारापतूर. तेवढंच व्हतं माझं."

मागचं दार उघडलं. प्रांजल उतरून माझ्या बाजूला आली. माझं दार उघडलं. शालू सावरून रस्त्यावर गुडघ्यावर बसली.

"दादा, माझा नमस्कार राह्यलाय."

म्या डावा पाय बाहेर काढून खाली ठिवला.

"एका पायाचा नमस्कार नसतो, दादा," ती म्हणाली. "दोन्ही द्या."

तीबी रडत व्हती. मेंदीचे दोन्ही हात पसरून तशीच बसली. शिवेवर, मातीत, येवढ्या माणसांत. मी त्या हातांकडं बघितलं. मग उजवा पाय उचलला आन् भाईर मातीवर ठिवला.

मागं काचेवर लाल अक्षरं आली. तिनं कपाळ माझ्या पायांवर टेकवलं.

नारळ म्या फोडला. बापूसाहेबांनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं, तर प्रांजल म्हणाली, "मी आमच्या घरच्याच गाडीनं जाणार." साखळी सुटली. नवरा-नवरी ट्रॅक्टरच्या मडगार्डांवर बसले, हिकडं येक, तिकडं येक. इंद्रजीतनं फेटा हातानं दाबून धरला. पोरीनं वही माझ्या खिशात कोंबली.

सर्जेरावानं निघताना एक हॉर्न दिला. माझा उजवा पाय आपसूक मातीत दाबला गेला, लई जोरानं, चप्पल रुतंपतूर. ट्रॅक्टर काय थांबला न्हाई.