मी गाळासुर, भीमेकाठचा

मी एक जुना राक्षस आहे, मित्रांनो. दचकू नका. कुणी माझ्या अंगात शिरल्याशिवाय मला साधा हातही हलवता येत नाही. मांडवगण फराट्याच्या एका शिलाईच्या दुकानात, माळ्यावर, मी खिळ्यांना लटकलेला असतो. माझा एक कान उंदरांनी नेला आहे. पोटाला मोठी शिवण आहे. पण एके काळी मला पाहायला नदीपलीकडच्या खुटबावहून लोक यायचे.

मला हेलनमावशीने शिवले. मावशी शाळेचे गणवेश शिवायची, चर्चमधल्या गायकांचे झगे शिवायची आणि नाताळच्या नाटकातले पंखही तिच्याच हातचे. एके दिवशी विनोद तिच्याकडे आला. तो कंपनीत कामाला होता आणि सुट्टी मिळाली की मोबाईलवर सिनेमे काढायचा.

"मावशी, भुताचा पिक्चर काढतोय. 'भीमेकाठचा गाळासुर'. एक राक्षस शिवून द्या की."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "अरे बाबा, आजवर मी देवदूतच शिवलेत. राक्षसाचं माप घेऊ कुणाचं?"

"बन्सीचं घ्या."

बन्सी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात हमाली करायचा. दारातून वाकून आत यावे लागेल एवढा उंच, आणि बोलायला तितकाच कंजूस. त्याच्या मापाने मी तयार झालो. खताच्या रिकाम्या पोत्यांची कातडी, काथ्याचे केस, ठिबकच्या जुन्या नळ्यांची शेपटी, मोटारसायकलच्या लाल काचांचे डोळे. पोट फुगीर दिसावे म्हणून मावशीने आत ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब बसवली आणि वरून स्पंज शिवला. मी आरशात पाहिले आणि मलाच माझी भीती वाटली.

गाळासुराची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. नदीच्या वळणावर जलपर्णीने झाकलेली एक दलदल आहे. वरून हिरवेगार कुरण दिसते, पण खाली पाय ठरत नाही. तिथे गाळासुर राहतो आणि जवळ येणाऱ्याचा पाय धरून आत ओढतो, असे मोठी माणसे सांगत. विनोदला वाटले, घरबसल्या मिळालेली ही कथा सोडायची कशाला?

फक्त बन्सीच्या आईला, सोजरबाईंना, हे रुचले नाही. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"विन्या, दुसरं कायबी काढ. त्याची टिंगल करू नगंस."

"टिंगल न्हाई, सोजरमावशी. लोकं भ्यायला पाहिजेत असा पिक्चर हाय."

त्या पदराने तोंड पुसून निघून गेल्या.

चित्रीकरण भर उन्हात चालायचे. रात्रीचे प्रसंगही विनोद दुपारीच घ्यायचा आणि मागाहून मोबाईलमध्ये ते निळे करायचा. माझ्या आत बन्सी घामाने निथळत असायचा. त्याला फक्त माझ्या जबड्याच्या फटीतून दिसे, त्यामुळे तो धावला की हमखास बाभळीला धडकायचा. एकदा उसातून गुरगुरत बाहेर पडताना माझी शेपटी मागे अडकून तुटली. विनोदने तेही सिनेमात ठेवले; शेपटी मावशीने नंतर घट्ट शिवून दिली.

समाजमंदिराच्या भिंतीला पांढरा कपडा लावून सिनेमा दाखवला. मी उसातून बाहेर आलो, शेपटी मागेच राहिली, आणि सारे गाव पोट धरून हसले. विनोद रडकुंडीला आला. पण मुलांनी मला डोक्यावर घेतले. सिनेमा मोबाईलवरून गावोगाव गेला. वाढदिवसांना मला बोलावणी येऊ लागली. मुले माझ्या गळ्यात पडायची, फोटो काढायची. बाजारात कुणाशी न बोलणारा बन्सी माझ्या आत असला की नाचायचा, गाणी म्हणायचा. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. आता मला कुणीच भीत नव्हते.

आणि तिथेच घात झाला.

दुसरा भाग काढायचा ठरला. विनोद आणि बन्सी मला घेऊन नदीकडे निघाले. सोजरबाई जवळच बांधावर गवत कापत होत्या. बन्सीने मला अर्धे अंगावर चढवले होते, तेवढ्यात दलदलीकडून बारीक आवाज आला.

"मामा... बन्सीमामा..."

हेलनमावशीची नात स्वीटी कमरेपर्यंत गाळात होती. हातात बिस्किटांचा पुडा वर धरलेला. विनोद ओरडत धावला आणि चार पावलांतच गुडघ्यापर्यंत रुतला. मोठ्या कष्टाने मागे आला. पोरगी आणखी खाली गेली.

सोजरबाई विळा टाकून पळत आल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा असेल हे मला ठाऊक नव्हते.

"बन्सी, हुबा जाऊ नगंस! आडवा हो! त्ये सोंग काढ आन् हातर पुढं! स्वीटे, हालू नगं बाई, हात पसर!"

बन्सीने मला ओरबाडून काढले आणि चिखलावर पालथे टाकले. मग तो माझ्या पाठीवर आडवा झाला आणि पोटाने सरकू लागला. थंडगार गाळ माझ्या तोंडात, डोळ्यांत शिरला. एवढ्या मोठ्या माणसाचे ओझे! पण पोटातल्या ट्यूबने मला तोलून धरले. मागून विनोदने माझ्या शेपटीच्या नळ्या हाताला गुंडाळून घट्ट धरल्या होत्या. बन्सीचे हात स्वीटीच्या काखेत पोचले. त्याने ओढले. काठावरून विनोद आणि सोजरबाईंनी आम्हाला ओढले. माझे पोट कुठल्याशा खुंटाला लागून टराटरा फाटले, पण ट्यूब वाचली. आम्ही तिघे काठाला लागलो.

तेवढ्यात कुणीतरी सांगितल्यामुळे हेलनमावशी धापा टाकत पोचली. नातीला छातीशी धरून ती नुसतीच "प्रभू, प्रभू" म्हणत राहिली. स्वीटी मात्र माझ्याकडे बघत होती. मी चिखलात निपचित पडलो होतो.

"मी त्याला बिस्किटं आणली होती," ती हुंदके देत म्हणाली. "आजी, गाळासुर मेला का गं?"

"नाही गं माझे राणी. फाटलाय नुसता. मी शिवते त्याला."

मग सोजरबाई खाली बसल्या आणि इतकी वर्षे मनात ठेवलेले बोलल्या.

"माझा धाकला भाऊ हितंच ग्येला. ज्ञानू. हिरवं दिसलं म्हनून वासराच्या मागं पळाला. तवा गाळासुर-बिळासुर कायबी नव्हतं. पोरं ऐकंनात, रोज हिकडंच यायची. म्हनून माझ्या आईनं आन् कापडं धुनाऱ्या बायांनी त्यो रचला. त्याच्या भ्यानं पुढं एकबी पोर ग्येलं न्हाई."

विनोदने हाताचा चिखल पुसला आणि मोबाईल काढला. तो म्हणाला, "सोजरमावशी, ह्येच मोबाईलसमोर सांगाल का? ज्ञानूमामाचं?"

"लोकं हसतील."

"न्हाई हसणार."

दुसऱ्या भागात मी जेमतेम दिसतो. सगळा सिनेमा सोजरबाईंच्या चेहऱ्यावर आहे. समाजमंदिरात तो लागला तेव्हा पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पुढे ग्रामपंचायतीने दलदलीला काटेरी तार मारली. विनोदची बदली झाली, वाढदिवसांना नवी सोंगे आली आणि मी माळ्यावर गेलो. हेलनमावशीला आता बारीक दिसत नाही, तरी पावसाळा सरला की ती मला खाली उतरवून उन्हात घालते, कडुलिंबाचा पाला भरते आणि पुन्हा टांगते. तिने असे केले नसते तर माझे केव्हाच पोतेरे झाले असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच सांगून मी थांबलो असतो. पण माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्याही गावात कुठल्यातरी विहिरीत, डोहात, पडक्या भिंतीमागे कुणी भूत किंवा राक्षस राहत असेल. त्याला खुशाल हसा. मात्र त्याच्याकडे जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि हळूच विचारा, "तिथं कोण गेलं होतं?"