मोजमापाचा आठवा पाठ

समिधाचा शेवटचा सराव पाठ भाईंदर पश्चिमेच्या एका पालिका शाळेत, चौथीच्या वर्गावर होता. आधीचा पाठ नापास झाला होता. हाही गेला, की बी.एड.चं अख्खं वर्ष पुन्हा. हाटकेश भागातल्या त्यांच्या इमारतीत आईनं 'पोरगी शिक्षिका झाली' असं आधीच जाहीर करून टाकल्यामुळे नापास होण्याची सोय तशी राहिलीच नव्हती.

पाठाचं टाचण मात्र झकास होतं. ते कॉलेजातली सीनियर रीमाताई, तिच्या फायलीतून उतरवलेलं होतं. रीमाताईनं तिच्या सीनियरच्या फायलीतून उतरवलं होतं. मुळात ते कुणाला सुचलं, हे इतिहासाला ठाऊक नाही. त्यात डावीकडे शिक्षिकेनं काय विचारायचं ते होतं आणि उजवीकडे मुलं काय उत्तर देणार, तेही होतं. घटक मोजमाप.

बावीस वर्षं पाठ तपासणाऱ्या सुचेता मॅडम मागच्या बाकावर कशाबशा मावल्या. समिधानं घसा साफ केला.

"मुलांनो, आपण बाजारातून—"

"कांदे किलोनं आणतो!" वर्ग गरजला. "दूध लिटरनं! कापड मीटरनं!"

"छान. मग आज आपण—"

"मोजमाप या घटकाचा अभ्यास करणार आहोत!"

पहिल्या बाकावर उत्तम होता. त्याचे वडील राजस्थानहून येऊन स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. तो दयेनं कुजबुजला, "टीचर, अब बोर्ड पे लिखने का. फिर तराजू निकालो."

पस्तीस मिनिटांचं टाचण चौथ्या मिनिटाला संपलं.

"समिधा," मागून आवाज आला, "वर्गाकडून आधी घोकून घेतलंस?"

घोकून घेतलं म्हणजे सरळ नापास.

"नाही मॅडम!"

"आम्हाला हे सात वेळा शिकवलंय," पोरांनी अभिमानानं साक्ष दिली. खरंच होतं ते. सरावाला येणारा प्रत्येक जण हाच घटक उचलायचा, कारण त्याला एका तराजूवर भागतं.

"मग आठव्यांदा कशाला?" मॅडम म्हणाल्या. "एकतीस मिनिटं आहेत. यांना येत नाही असं काही विचार. नाहीतर मी शेरा लिहिते."

समिधानं टाचण उलटसुलट पाहिलं. मग ते मिटलं.

"खरं सांगा, तुमच्या घरी कोण काय कशानं मोजतं?"

या प्रश्नाचं उत्तर पाठ नसल्यामुळे पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग सार्थक म्हणाला, "आई भातात बोट बुडवते. पेरापर्यंत पाणी." उत्तमच्या वडिलांची भांडी डझनानं जायची. मोरवा गावातल्या कोळणीची संजना शेवटी उठली.

"बाय, आमची आय मावरा इकते. किलो-बिलो न्हाय. वाटं लावते."

"वाटा म्हणजे केवढा?"

"गिऱ्हाईक बगून."

समिधानं खडूंचा खोका तिच्यापुढे ओतला. "हे मासे. लाव वाटे."

संजनानं सराईतपणे तीन वाटे लावले. अख्खे खडू वर, तुकडे खाली. समिधानं ते तराजूत घातले. तिन्हींची वजनं तीन तऱ्हांची.

"टीचर, चीटिंग!" उत्तम बाकावर चढला. त्याच्या घरी मासा कधी शिजला नव्हता, पण अन्याय त्याला ओळखता येत होता.

संजनानं कमरेवर हात ठेवले. "चीटिंग न्हाय रं! म्हातारीला जास्ती, गाडीवाल्याला कमी. आय तोंड बगून देते. तुझ्या काट्याला तोंड दिसतं का?"

"काटा सबको सेम देता है!"

"पण म्हातारीकडे पैसे कमी असतील तर?" सार्थकनं विचारलं.

वर्गाची उभी फाळणी झाली. समिधा मधे उभी राहून फक्त कुणाची पाळी ते सांगत होती. या गदारोळात मॅडम टेबलापाशी कधी आल्या, ते कुणालाच कळलं नाही.

"आणि मला कोणता वाटा?"

संजनानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि एका वाट्यातला एक खडू काढून घेतला.

"अगं, दर रविवारची गिऱ्हाईक मी! वर दोन घाल!"

"परवडत न्हाय, बाय."

घंटा झाली तेव्हा सौदा एका खडूवर अडला होता.

बाहेर आल्यावर मॅडम पुन्हा मॅडम झाल्या. "फळा कोरा. हेतुकथन नाही. समारोप तर नाहीच."

समिधाला अख्खी इमारत डोळ्यांसमोर दिसू लागली.

"वजन लागतंच कशाला, हे सात पाठांत या पोरांनी एकदाही विचारलं नव्हतं. आज त्यावरून भांडली." मॅडमनी सही केली. "पास."

दारात पोरं ताटकळत होती. "टीचर, पास?"

"पास!"

टाळ्या पडल्या. संजना तेवढी दप्तर आवरत म्हणाली, "आता ही यायची न्हाय. पास झाली की कुनी येत न्हाय."

समिधा जिन्यापर्यंत गेली आणि परत मॅडमकडे आली. "मॅडम, उद्या आणखी एक पाठ घेऊ?"

"पास झालीस, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

मॅडमनी फाईल उघडली. नापासांसाठी फॉर्म होता, आजाऱ्यांसाठी होता, लग्न ठरलेल्यांसाठीसुद्धा होता. हौसेनं वर्ग मागणाऱ्यांसाठी नव्हता.

"साध्या कागदावर लिहून दे," त्या म्हणाल्या.