भरल्या ताटावरून

कीथनं काळी पिशवी झटकून उघडली आणि मला म्हणाला, घे, भर सगळं यात. सगळं म्हणजे काय, तर मिस्टर लेउंगच्या कबरीपुढे मांडलेली उकडलेली कोंबडी, वाफाळता भात, संत्री आणि चहाचे इवलेसे कप. उदबत्ती अजून अर्धीसुद्धा जळली नव्हती. मी हात मागे घेतले आणि म्हटलं, मी नाही करणार.

ब्रिस्टलच्या बाहेरच्या या खाजगी सिमेट्रीत मी गवत कापते, पानं गोळा करते, बाकं पुसते. नवरा आयटीत, व्हिसा त्याचा, मी त्याच्या मागून आलेली. पुण्यात बी.कॉम. केलं ते इथं कुणी विचारत नाही. कीथ आमचा सुपरवायझर. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

लेउंगबाईंची ओळख पाण्याच्या नळावर झाली. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नवरा गेला, तेव्हापासून त्या दर रविवारी यायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मुलगी सारा इथंच वाढलेली, ती आमची दुभाषी. वडिलांचं टेकअवे, म्हणजे जेवण बांधून देणारं दुकान होतं, हे तिनंच सांगितलं. बाबांनी जन्मभर गावाला खायला घातलं आणि स्वतः मात्र कढईशेजारी उभ्यानं, गार झालेलं खाल्लं. निवांत बसून गरम जेवायचं, हे कायम उद्यावर. म्हणून बाईंनी ठरवलं होतं, पहिल्या चिंग मिंगला त्यांना गरम जेवायला घालायचं. भात थर्मासमधून आणला होता तो त्यासाठीच.

चिंग मिंग म्हणजे एप्रिलात येणारा त्यांचा पितरांचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखाच म्हणा ना. कबर झाडायची, तण उपटायचं, दगड धुवायचा, पान वाढायचं. आधी गेलेल्यानं जेवायचं. उदबत्ती विझली की त्याचं झालं, मग घरच्यांनी तिथंच बसून तेच अन्न खायचं. कागदी नोटाही जाळतात, पण इथं कुणाला त्रास नको म्हणून त्या यांनी घरच्या अंगणातच जाळल्या होत्या. सारानं सिमेट्रीच्या ऑफिसला आधी फोनसुद्धा केला होता. इंग्रजीत या सणाला कबर झाडायचा दिवस म्हणतात, तिनंही तसंच सांगितलं. ऑफिसनं त्यातलं झाडणं तेवढं ऐकलं. या की, खुशाल झाडा, म्हणाले.

तर मायलेकींनी दगड लख्ख धुतला, पान वाढलं आणि ब्रश-बादली धुवायला त्या नळावर गेल्या. तेवढ्यात हा कीथ उगवला. मी त्याला सगळं समजावलं. सण आहे, थोड्या वेळानं त्या आपणहून उचलतील, एक शीत मागे राहणार नाही. तो हसला.

"झाडायचाच सण आहे ना? मग झाडून टाकू," म्हणाला. "खाणं ठेवलं की कावळे येतात."

कावळे येतात! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आई गेली तेव्हा आमचे पासपोर्ट व्हिसा वाढवायला होम ऑफिसात, म्हणजे इथल्या सरकारी व्हिसा खात्यात अडकलेले. दहाव्याला भाऊ घाटावर पिंड मांडून बसला आणि कावळा काही शिवेना. मी इथं किचनमध्ये फोन कानाला लावून उभी. लेकीत जीव अडकलाय, असं तिथं कुणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. एका कावळ्यासाठी मी ढसाढसा रडले होते, आणि हा मेला कावळे येतात म्हणून पान उचलतोय.

मी पिशवी धरली, त्यानं ती हिसकली. आधी कोंबडी गेली, मग भात, वाडग्यासकट. माझं इंग्रजी तिथंच संपलं. मी सरळ मराठीत सुटले.

"अरे, भरल्या ताटावरून कुत्र्यालासुद्धा उठवत नाहीत. तो माणूस जेवतोय. शुक्रवारच्या शुक्रवारी तूही त्याच्याच हातचं गिळलं असशील, लाज नाही वाटत?"

त्याला एक शब्द कळला नाही, पण सूर कळला असावा. कानापर्यंत लाल झाला. ही माणसं मेलेली आहेत, मीनल, एवढं म्हणाला आणि पिशवीला गाठ मारून निघाला. उद्या ऑफिसात ये, मग बघू, हेही जाता जाता सांगितलं. बघ म्हणावं. खड्ड्यात गेली नोकरी.

वळून बघते तर मायलेकी मागे उभ्या. सारा बादली टाकून कीथच्या मागे धावली. मी नुसती सॉरी सॉरी करत राहिले. बाई मला चार शब्द सुनावतील, असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी धुतलेल्या दगडावर सांडलेली शितं वेचून रुमालात घेतली, कबरीपुढे बसल्या आणि हात जोडून हळू आवाजात बोलायला लागल्या.

सारा परत आली ती रिकाम्या हातानं. तक्रार करते, वकील गाठते, म्हणत होती. कर बाई, मी साक्ष देईन, मी म्हटलं. मग विचारलं, आई काय सांगतेय बाबांना? आमचंच गाऱ्हाणं ना?

ती क्षणभर ऐकत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ती म्हणतेय, आज जेवण आणायचं मीच विसरले. माझ्यावर रागवा."