रस्त्यामुळेच असेल

रस्ता नवा झाला तेव्हापासून धाकटीचे हात तिच्या ताब्यात राहिले नव्हते. नवा म्हणजे आपला म्हणायला नवा. जुन्या खड्ड्यांवर डांबराचा एक थर शिंपडला, वर टोकदार खडी उधळली आणि ठेकेदार मोकळा झाला. खडी दाबायचं काम त्याने येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सोपवलं. गाड्यांनी ते केलंही, पण त्यांची चाकं जातात तेवढंच. सायकलवाल्यांच्या वाट्याची कड होती तशीच राहिली. तिथून जाताना दातावर दात आपटायचे, घंटी आपली आपण वाजायची आणि मडगार्डवर डांबराचे काळे ठिपके उडायचे.

धाकटी एका लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त काढायची. चाळिशी उलटली तरी दादाच्या तोंडी तिचं नाव धाकटीच होतं. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. सुई बघूनच पांढरे पडणारे लोकही तिच्यासमोर निमूट बाही वर करायचे. आता मात्र कामावर पोचेपर्यंत हातांना मुंग्या आलेल्या असायच्या आणि हातमोजे चढवताना बोटं थरथरायची. परवा एका आजोबांना तिने पुन्हापुन्हा टोचलं. आजोबांनी मुकाट्याने दुसरा हात पुढे केला, आणि तेच तिला जास्त लागलं. लॅबच्या मॅडमनी तिला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

घरी सगळं ठीक होतं. भीती वेगळीच होती. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी हात थरथरला, मग कप दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि शेवटी शेवटी दादा आणि धाकटी तिला आळीपाळीने भरवायचे. हे दुखणं कधीकधी मुलांमध्येही उतरतं, असं डॉक्टर तेव्हा बोलून गेले होते. आपण ते ऐकलंच नाही, असं दोघा भावंडांनी एकमेकांना दाखवलं होतं.

म्हणून आता धाकटीला एवढंच कळायला हवं होतं की हे रस्त्याचं आहे की आईचं. आणि नेमकं तेच काही केल्या कळत नव्हतं. एके दिवशी ती चालत कामावर गेली, तर हात अगदी शहाण्यासारखे वागले. ती खूश झाली, आणि संध्याकाळी भाजी चिरताना बोटं हलली. का हलली म्हणून टक लावून बघत बसली, तर आणखीच हलली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सायकल काढून सगळ्यात खडबडीत कडेने हाणली, तर त्या दिवशी एकाही शिरेने दगा दिला नाही. आता यातून माणसाने समजायचं काय?

सायकल दुरुस्तीवाल्याने मात्र क्षणाचाही विचार न करता रस्त्यालाच दोष दिला. त्याची कंबरही म्हणे रस्त्यानेच मोडली होती, आणि हा गृहस्थ तर दिवसभर स्टुलावरून हलत नसे. धक्के कमी बसतील म्हणून त्याने चाकांतली हवा कमी करून दिली. त्यामुळे धक्के कमी झाले की सायकलच जड झाली, हेही धाकटीला धड सांगता येईना. डॉक्टरकडे जावं, तर ते काय म्हणतील याचीच तर धास्ती होती.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. दादा त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. खिळे-स्क्रूच्या दुकानात नोकरी, आणि सगळा जन्म सायकलवर गेलेला. वहिनी स्वयंपाकघरात आहे असं बघून धाकटीने त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं दादाच्या स्वभावात नव्हतं. आज त्याने सगळं ऐकून घेतलं.

"माझेही हात असेच होतात," तो म्हणाला. "रस्ताच तसला आहे, धाकटे."

तिच्या जिवात जीव आला. रस्ता दोघांचाही एकच, मग हात एकसारखे थरथरले तर त्यात नवल ते काय! तिने ठेकेदाराचा मनसोक्त उद्धार केला, जेवताना दोनदा वाढून घेतलं आणि वहिनी हसतेय हे बघून आणखी चेकाळली. निघताना चाकांत नीट हवा भरून घ्यावी म्हणून तिने पंप मागितला. पंप मागच्या बोळात सायकलपाशीच आहे, असं वहिनीने सांगितलं.

बोळात दादाची सायकल भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही चाकं बसलेली, साखळी गंजलेली, तारांमध्ये कोळ्याने घर केलेलं. मडगार्डवर धूळ होती, पण डांबराचा एकही ठिपका नव्हता. त्या रस्त्यावरून एकदा जरी गेलेली सायकल अशी सुटत नाही. तेवढ्यात वहिनीने खिडकीतून सहज सांगितलं, की यांनी सायकल कधीचीच सोडली, रस्ता व्हायच्याही आधी. गुडघा दुखतो म्हणतात, बसने जातात.

धाकटी पंप हातात घेऊन उभीच राहिली. म्हणजे दादा आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला? मग आपलं दुखणं आईचंच. की त्याचे हात खरंच थरथरतात? मग त्याला कुठला रस्ता लागला? यातलं काय खरं निघावं असं आपल्याला वाटतंय, हेही तिला समजेना, आणि समजत नाही याची तिला लाज वाटली.

दादा बाहेर आला. तिच्या हातातून पंप घेऊन तो पुढच्या अंगणात तिच्या सायकलपाशी गेला आणि झटकन उकिडवा बसला. गुडघ्याला काही झालेलं दिसत नव्हतं. पंपाची नळी त्याने व्हॉल्व्हवर टेकवली, ती निसटली. परत टेकवली, परत निसटली. मग त्याने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. धाकटी त्याच्या शेजारी बसली आणि तिने नळी त्याच्याकडून काढून घेतली.

ब्रेक आवळता येईना म्हणून सायकल सोडली, असं दादाने सांगितलं. गुडघ्याचं नाव नुसतं वहिनीसाठी पुढे केलं होतं.

"तुझी कुठली बोटं?" त्याने विचारलं.

तिने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाखवलं. त्याने ती दोन्ही बोटं दाबून बघितली आणि मोठा श्वास सोडला.

"मग तुझं रस्त्यामुळेच. डॉक्टरांनी मला आधी तेच विचारलं होतं, सायकल चालवता का, करंगळीला मुंग्या येतात का. हँडलवर तळहाताचा भार पडतो ना, तिथे नस दबते. एकदा त्यांना दाखवून घे, पण घाबरू नकोस. आईचं अंगठ्यापासून सुरू झालं होतं."

इतके दिवस तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि बरं झालं म्हणायला जीभ रेटेना. दादाचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता, काही न धरता, सारखा. तो थांबवायला म्हणून तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तरी तो आतल्या आत चालूच राहिला. मग तिला रडू आवरेना.

"हळू," दादा म्हणाला. "तुझी वहिनी ऐकेल."