बघण्यापुरती बाटली

मी एक काचेची बाटली बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण जोरात बोलायचीसुद्धा मला धास्ती वाटते. माझ्या पोटात सध्या काय चाललंय ते कळलं, तर तुम्हीही दोन पावलं मागे सराल. सरा खुशाल, मला राग येणार नाही.

भित्रेपणा माझ्यात जन्मापासूनचाच. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडला, त्यात हवा फुंकली आणि मी झाले. मला केलं होतं सरबतासाठी. सरबत म्हणजे गरीब बिचारं, आत गप्प पडून राहणारं. त्याला कशाला हवी जाड काच? म्हणून माझं अंग पातळ. उजेडात धरलं तर छान दिसते, पण ताकद म्हणाल तर बेताचीच.

सरबत काही नशिबी आलं नाही. एका छपाईवाल्याच्या कारखान्यात फळीवर धूळ खात पडले होते, तिथे एक दिवस धाकटा आला. धाकटा म्हणजे एका छोट्या ब्रुअरीच्या मालकिणीचा भाऊ. बिअर बनवायची ताईनं आणि बाटल्या, झाकणं, खोकी यांच्यामागे पळायचं यानं, अशी त्यांची वाटणी.

"कागदी लेबलांनी वैताग आणलाय हो," तो सांगत होता. "बर्फाच्या टबात बाटल्या घातल्या की लेबलं सुटून तरंगायला लागतात. मग आमची बिअर कुठली आणि दुसऱ्याची कुठली, कोणाला कळतंय? तुम्ही काचेवरच छापून द्या. मोठे कारखानेवाले तर दारात उभं करत नाहीत. म्हणतात, ट्रकभर घेणार असाल तर बोला!"

छपाईवाल्यानं ताईनं काढलेलं चित्र पाहिलं. निळा बगळा, एका पायावर उभा. "करू," म्हणाला. त्याची बारीक जाळी माझ्या अंगाला टेकली, वरून रबरी पट्टी सरकली आणि गार शाई लागली तेव्हा मी अशी शहारले म्हणता! मग भट्टीत भाजून काढलं. रंग काचेवर पक्का बसला. आता नखानं खरवडा नाहीतर पाण्यात बुडवा, बगळा हलायचा नाही.

मला धाकट्याच्या हातात देताना छपाईवाल्यानं बजावलं, "ही फक्त बघण्यापुरती हं. काच पातळ आहे, सरबताची. हिच्यात बिअर भरायची नाही, गॅसनं फुटेल. तुमच्या बाटल्या जाड येतील."

"हो हो, कळलं," धाकटा म्हणाला. पण त्याचं लक्ष होतं बगळ्याकडे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ब्रुअरीला लागूनच असलेल्या घरी पोचलो, तर तिथे वेगळीच गडबड. या दोघांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नेमकी त्याच सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली होती. धाकट्यानं मला सरळ आईंच्या हातात दिलं. त्यांनी मला डोळ्याशी धरलं.

"अगं बाई! निळा एवढा निळा असतो?" त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं सगळं चहात बुडवल्यासारखं बघत होते!" मग मला अजून जवळ नेलं. "याचा दुसरा पाय छापायचा राहिला का रे?"

ताई हसली, धाकटा हसला. आई हसता हसता डोळे पुसायला गेल्या, तशी दोघंही ओरडली, "डोळ्याला हात लावू नकोस!" त्या आनंदात छपाईवाल्याचा निरोप धाकट्याच्या तोंडातच राहिला. दोष तरी काय द्यायचा त्याला?

पुढे तो काही दिवसांसाठी परगावच्या एका छोट्या काचेच्या कारखान्यात ऑर्डर पक्की करायला गेला आणि इकडे ताईनं नवी बिअर भरायला घेतली. जुन्या दणकट बाटल्या रांगेनं उभ्या, आणि शेवटी मी.

"आई, ही तुझी. ऑर्डर पक्की झाली की तूच उघडायची."

"मी बाई घोटभरच घेईन. कडूजार असतं ते."

"घोटभर म्हणत म्हणत मागच्या वेळी ग्लास संपवलास!"

चिमूटभर साखर, वर बिअर, आणि झाकण घट्ट दाबलेलं. बिअरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस सोडतं. फेस बाटलीतच तयार होतो, अशी ताईची पद्धत. जाड बाटल्यांना त्याचं काही नाही. माझा मात्र जीव टांगणीला लागला.

सुरुवातीला नुसत्या गुदगुल्या झाल्या. मग पोट तटतटलं. मग काच आतून ताणली जायला लागली आणि तळाशी कुठेतरी बारीक कुरकुर सुरू झाली. शेजारणीला म्हटलं, "बाई गं, मला धर." ती आपली ढिम्म.

आता फुटायची भीती तर आम्हा सगळ्याच बाटल्यांना असते. पण माझी भीती निराळी होती. रोज दुपारी डोळ्यात औषध घालून झालं, की आई यायच्या. काळा चष्मा कपाळावर सरकवायच्या, मला उचलायच्या आणि अगदी डोळ्याशी धरून बगळ्याची पिसं न्याहाळायच्या. "नवा डोळा आहे, वापरायला नको?" असं स्वतःशीच म्हणायच्या. त्यांचा श्वास माझ्या काचेवर यायचा. तो डोळा अजून थोडा लाल होता.

लांब धरा हो मला! ठेवा खाली! मी ओरडायचे, पण बाटलीचं कोण ऐकतं? मग सगळा जीव एकवटून स्वतःला धरून ठेवायचे. आत्ता नको, आत्ता नको. त्या ठेवून गेल्या की माझ्या अंगातलं बळच जायचं.

आज दुपारीही तेच. आईंच्या हातात मी, आणि पलीकडे ताई नळ्या धूत होती. फोन वाजला. हात ओले म्हणून तिनं तो टेबलावरच स्पीकरवर टाकला. धाकटा होता.

"ताई, इथले विचारतायत काच किती जाड हवी. म्हटलं चांगली जाड करा, त्या नमुन्यासारखी सरबताची नको."

"कुठला नमुना?"

"अगं, बगळ्याची बाटली! ती बघण्यापुरतीच ना. बिअर भरली तर फुटेल म्हणाला तो छपाईवाला. सांगितलं होतं ना मी?"

ताईनं वळून पाहिलं. ती किंचाळली असती, तर आई दचकल्या असत्या आणि मी तिथेच सुटले असते. पण ती अगदी हळू बोलली.

"आई, हात लांब कर. अजून लांब. हां. आता तोंड दाराकडे फिरव."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. ती टेबलावर ठेव. हळूच."

"ठेवते की. हुकूम काय सोडतेस?" आईंनी मला ठेवलं, पण टक्कन आवाज झालाच. माझा जीव गेला! तरी मी धरून राहिले.

ताईनं आईंना दंडाला धरून बाहेर नेलं. फोनवर धाकटा विचारतच होता, "ताई? सांगितलं होतं ना मी?"

"नाही सांगितलंस."

पलीकडून रडवेला आवाज आला, "आई कुठेय?"

"ठीक आहे. तू आता बोलू नकोस."

तिनं जाड हातमोजे चढवले, डोळ्यांवर मोठा चष्मा लावला, माझ्यावर घोंगडी टाकली आणि मला उचलून अंगणात नेलं. घोंगडीतूनही तिच्या छातीतली धडधड मला लागत होती. आता मला तिची काळजी. लोखंडी पिंपात ठेवून तिनं झाकण लावलं, तेव्हा कुठे मी थोडी सावरले.

तिथूनच बोलतेय मी. अंधार आहे आणि कुरकुर वाढलीय. बाहेर चपलांचा आवाज येतोय. आई!

"अगं, माझा बगळा एकदा बघू तरी दे. लांबूनच बघते."

"आई, आत चल."

"चित्रच तर बघायचंय..."

"असले शंभर बगळे आणून देईन तुला," ताई एकदम रडायलाच लागली. "डोळा कुठून आणू?"

चपला परत फिरल्या.

जा आई, आत जा. तुमच्या जाड बाटल्या येतील, तेव्हा रिकामी बाटली खुशाल डोळ्याशी धरा. सगळे रंग पोटभर बघा. माझा राग धरू नका, मला तुमचं वाईट करायचं नव्हतं.

आवाज लांब गेला. दार लागलं. कडी बसली.

बरं झालं. आता माझ्याच्यानं धरवत नाही.