ग्विलिमची काळी पाठ

मित्रांनो, मला हसू नका हं! आज मी परसात पडलो आहे, बुडाला भोकं पडली आहेत आणि माझ्यात बटाटे लावले आहेत. पण हा जुना पत्र्याचा टब एके काळी घरात मानाने चुलीपुढे बसायचा. वेल्सच्या संघातून रग्बी खेळलेला ग्विलिम माझ्यात अंघोळ करायचा!

त्याच्या लग्नात मी या घरी आलो. ग्विलिम कोळशाच्या खाणीत कामाला होता. संध्याकाळी काळाकुट्ट होऊन यायचा. त्याची बायको ब्लॉडवेन माझ्यात कढत पाणी ओतायची आणि तो अंग घासायचा. पाठ मात्र नाही! पाठ धुतली की कणा ढिला पडतो, असं खाणीतली सगळी माणसं मानत. त्याची आई तर दम भरायची, "पाठीला पाणी लावशील तर याद राख!"

१९२४ साली ग्विलिमची देशाच्या संघात निवड झाली. कार्डिफला आयर्लंडशी सामना! मला कोण आनंद झाला! पण ग्विलिमचा चेहरा उतरलेला. संघात डॉक्टर होते, वकील होते, आणि सामन्यानंतर सगळे एकत्र अंघोळ करत.

"माझी पाठ बघून हसतील गं," तो म्हणाला.

"मग धुऊ या की!"

"आणि कणा गेला तर? पुढच्या फळीत खेळताना सगळा जोर पाठीचाच."

"माझ्यावर विश्वास आहे ना? मग वाक पुढे."

तो वाकला. ब्लॉडवेनने साबण लावून खसाखसा घासलं. माझं पाणी काळं झालं आणि गोरीपान पाठ वर आली. तेवढ्यात सासूबाई दारात! "अगं बये, बुडवलंस गं माझ्या पोराला!" झालं, गल्लीभर बोभाटा.

सामन्याच्या दिवशी ब्लॉडवेन सारखी आतबाहेर करत होती. वेल्स हरलं तर खापर तिच्याच माथी फुटणार होतं. आणि मित्रांनो, वेल्स हरलं.

"घास आणखी पाठ!" शेजारणी दारातून ओरडल्या. सासूबाईंनी तर बोलणंच टाकलं. ती बिचारी माझ्याजवळ बसून रडली. मला हात असते तर तिचे डोळे पुसले असते.

ग्विलिम घरी आला, डोळा सुजलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दार सताड उघडं टाकून मला मधोमध ओढलं. गल्लीला ऐकू जाईल असा गरजला, "ब्लॉडवेन, पाठ घास! आयर्लंडवाले आमच्यापेक्षा चांगले खेळले म्हणून हरलो. माझ्या बायकोचा हात लागून कणाबिणा काही गेलेला नाही!"

शेजारणी आपापल्या दारातून आत पळाल्या. सोमवारी तो नेहमीसारखा खाणीत उतरला, आणि पुढे वेल्सकडून जिंकलाही. त्याच्या घामाचं पाणी माझ्या वाट्याला आलं, याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एका संध्याकाळी ग्विलिमचे वडील खाणीतून येऊन माझ्यात बसले. सासूबाई बराच वेळ घुटमळल्या. मग पुटपुटल्या, "वाका जरा." पाणी ओतलं, फडकं फिरवलं, आणि काळ्याखालून दगडांनी झालेले जुने वण एकेक करून वर आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते.

"एवढं लागलं होतं? सांगितलं का नाहीत हो कधी?"

मित्रांनो, मला नका घासूपुसू, माझं आयुष्य झालं. पण तुमच्या घरी कुणी दमून आलं, तर त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. सासूबाई त्या दिवशी पाणी गार होईपर्यंत हात फिरवत होत्या.