चिंच लावलेलं झुंबर

चिंचेच्या कोळाबरोबर झुंबराचं सोनं निघून येतंय, हे शेवंताला दुसरी दांडी अर्धी घासून झाल्यावर कळलं. फडक्यावर काळ्याऐवजी पिवळट डाग उतरला होता आणि घासलेल्या जागी लालसर, उघडं पितळ दिसत होतं. ती शिडीवर तशीच थांबली.

खाली चादरीवर झुंबराचे काचेचे लोलक पसरले होते. सकाळपासून एकेक काढून, कोमट पाण्यात सिरका टाकून धुतलेले, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलेले. वर्षानुवर्षांचा धूर गेला होता आणि काच परत काच झाली होती. हे काम ती गुढियारी वस्तीतल्या मंगल कार्यालयात शिकली होती. पण तिथल्या झुंबरांच्या दांड्या पत्र्याच्या. सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ तिच्या हाती कधी आलंच नव्हतं. काळं पितळ दिसलं की चिंच-मीठ लावायचं. बुद्धपौर्णिमेला विहारातले दिवे ती तसेच उजळायची. हात सवयीनं चालला.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या या घरात ती एरवी झाडू-पोछा करायची. मुलीच्या साखरपुड्यासाठी झुंबर साफ करायला घरमालक पियुष सफाई कंपनीवाले बोलावणार होता. त्याच्या आईनं, विनोदिनीबाईंनी, हट्ट धरून शेवंताला चढवलं. झुंबर चमकलं तर पाऱ्यातल्या चार घरांत मीच सांगीन, म्हणाल्या होत्या. शेवंताचे गुडघे फरशीवर झिजले होते. वर बघून करायचं एखादं काम तिला हवं होतं.

"काकू," ती वरूनच म्हणाली, "मुलामा गेला. मले मालूम नव्हतं."

विनोदिनीबाईंनी खुर्चीतूनच मान वर करून पाहिलं. रागावल्या नाहीत. तेवढ्यात दारात पियुषची गाडी वाजली.

त्यानं वर पाहिलं आणि चिडला. पप्पांनी किती हौसेनं आणलेलं, परवा पाहुणे काय बघणार, असं हिंदीत बोलत सुटला. शेवंता तोंड उघडणार, तोच खुर्चीतून आवाज आला.

"तिले काहून बोलून राहिला? चिंच लाव म्हणून मीच सांगितलं."

शेवंताच्या विरुद्ध खोटं बोलणारे तिला रग्गड भेटले होते. कुठे अंगठी हरवली, कुठे बरणी फुटली, की तिच्याकडेच बोट. अंगठी मग साबणाच्या वडीखाली सापडायची आणि घर गप्प बसायचं. असल्या घरांना लाज नसते. तिच्या बाजूनं खोटं बोलणारं माणूस मात्र आज पहिल्यांदा भेटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण पियुष आता तिच्याकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता, हलक्या आवाजात बोलत होता. गेल्या महिन्यात आईनं गॅस चालू ठेवला होता. तेव्हापासून स्वयंपाकघराला कुलूप होतं. नागपूरच्या वृद्धाश्रमाशी त्याचं बोलणं चालू होतं, हे शेवंतालाही ठाऊक होतं.

"देखा ना आई? अब तुमसे नहीं सँभलता. साखरपुडे के बाद नागपुर पक्का समझो."

विनोदिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

शेवंता शिडी उतरली. हात पुसले.

"भैया, काकूनं काही सांगितलं नाही. चिंच मी घरून आणली. काकू मले वाचवून राहिल्या. डोकं शाबूत हाय त्यांचं, म्हणून तर वाचवून राहिल्या."

तो म्हणाला, उद्यापासून येऊ नको. झाडूलाही नको. कंपनीवाल्यांना फोन करायला तो बाहेर गेला. जाताना त्यानं नागपूरचं नाव काढलं नाही.

"तुले गप्प नाही राहता येत?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "चांगलं जमलं होतं मले."

"हव. पण तुम्हाले लई महाग पडलं असतं."

बाई हसल्या. खूप दिवसांनी, दात नसलेल्या तोंडानं, मोकळेपणानं. मग शेवंताचा चिंचेनं आंबट झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"काकू, लोलक लावून जातो. धुतलेले हाय, चादरीवर कोणाच्या पायाखाली येतील."

"लाव."

ती परत चढली. कोळ पुसून काढला, एकेक लोलक आकड्यात अडकवत गेली. उघड्या पितळाखाली काच लखलखत होती. खाली विनोदिनीबाई खुर्चीतून उठून आल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या राहिल्या.

शिडी तशीही हलत नव्हती. शेवंतानं सोडा म्हटलं नाही.